कशिद्यानें मढविलेली पेटी : एक परीक्षण

यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदकडील एका स्नेह्यांनीं गेल्या उन्हाळ्यांत एक लांकडी पेटी आमच्याकडे पाहण्यासाठीं पाठविली. सोबतच्या पत्रांत त्यांनीं दोन प्रश्न विचारिले होते. ही पेटी किती जुनी असावी, हा एक; आणि ती एखाद्या वस्तुसंग्रहांत ठेवण्याच्या योग्यतेची आहे कीं नाहीं, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर देण्यास आम्हांस एक घटकाहि लागली नाहीं. दुसऱ्यानें मात्र कित्येक दिवस स्वस्थ बसूं दिलें नाहीं. आणि विचाराअंतीं जें उत्तर आम्हीं कळविलें तें आमच्या स्नेह्यांस फारसें रुचलें नसावें. तथापि हा प्रश्न केवळ एका पेटीचा नसून इतिहासाच्या एका उपेक्षित साधनाचा आहे, अशी आमची खात्री झाल्यामुळें तो वाचकांपुढें सविस्तर मांडीत आहों.

प्रथम पेटीचें वर्णन देतों. पेटी सागवानी आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या रानांत सागाची वाण नाहीं. तेव्हां लांकूड त्याच बाजूचें असण्याचा संभव पुष्कळ. लांबी दीड वीत, रुंदी एक वीत आणि उंची सुमारें आठ बोटें. बुडाशीं चोहोंकडून कोरलेली वेलपत्ती, कोपऱ्यांस पितळी पट्ट्या, पुढें कडी-कोयंडा, आंत तांबड्या मखमलीचें अस्तर. झांकणावर व चारी बाजूंस लांकूड थोडें खोलगट करून त्यांत भरतकामाचे तुकडे बसविले आहेत. कापडाची जमीन गडद निळी व तांबडी. तीवर पिवळ्या, पांढऱ्या व हिरव्या दोऱ्यांचे चौकट आणि तिरपे चौकोन. मधून मधून कांचेचीं भिंगें. कडेस कवड्यांची रांग. दुरून पाहणारास पेटी खरोखर मोहक वाटते. सुतारानें आपलें काम चोख केलें आहे, आणि कशिदा काढणारीनें आपलें काम त्याहूनहि चोख केलें आहे. दोष आहे तो या दोन कामांच्या लग्नांत.

पेटी जवळून पाहतां असें दिसून आलें कीं, सुतारकाम अलीकडचें आहे. बिजागऱ्या आणि स्क्रू हल्लीं बाजारांत मिळणारेच आहेत. भरतकाम मात्र पेटीसाठीं केलेलें नाहीं. झांकणावरील मोठा तिरपा चौकोन मध्यभागीं न येतां डाव्या अंगास सरकला आहे. उजव्या कडेस एक भिंग अर्धें पट्टीखालीं गेलें आहे. ज्या दोन नक्षीपट्ट्या कोपऱ्यांत एकमेकींस मिळावयाच्या, त्या मिळण्यापूर्वींच कातरल्या आहेत. पुढची व डावी बाजू एकाच जुन्या वस्तूंतून निघाली आहे. उजवी बाजू दुसऱ्याच कोणत्या तरी घागऱ्याच्या घेराची आहे. आणि मागची बाजू, जी सहसा कोणी पाहत नाहीं, ती यंत्रावर शिवलेल्या नव्या कापडाची आहे. झांकणाचा एक कोपरा दमट हवेनें सुटला होता. तेथून आंत पाहतां कापडाच्या उलट बाजूवर सरसाचा जाड थर आणि त्यांत अडकलेले जुन्या अस्तराचे धागे दिसले. शिवाय कापडावर कोपऱ्याकडून मध्याकडे जाणारी जुनी घडीची रेघ स्पष्ट होती. त्या रेघेवरून आम्हीं असें अनुमान केलें कीं, झांकणावरचा तुकडा हा बंजारा स्त्रियांच्या चौकोनी कोथळीचा भाग आहे. एका चौरस कापडाचे तीन कोपरे मध्यावर आणून शिवावयाचे व चौथा झांकणासारखा मोकळा ठेवावयाचा, अशी या कोथळीची घडण असते. आपल्याकडे लखोटा जसा घडतो तशीच ही घडते.

म्हणजे येथें काय झालें तें पाहा. जी वस्तु स्वतःच एक पेटी होती, ती कापून दुसऱ्या पेटीवर चिकटविली गेली.

हें विधान वाचकांस चमत्कारिक वाटूं नये म्हणून कोथळी करणाऱ्या लोकांविषयीं चार शब्द सांगणें प्राप्त आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड, आर्णी या भागांत बंजारा, म्हणजेच स्वतःस गोरमाटी म्हणविणारा समाज, तांड्यातांड्यांनीं वसलेला आहे. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री म्हणून १९६३ पासून १९७५ पर्यंत कारभार पाहणारे वसंतराव नाईक हे पुसद तालुक्यांतील गहुली गांवचे. या समाजाचें श्रद्धास्थान जें पोहरादेवी, तें आज शेजारच्या वाशीम जिल्ह्यांत मोडतें. परंतु ही वस्ती स्थिर झाली ती गेल्या दीडशें वर्षांत. तत्पूर्वीं कित्येक शतकें या लोकांचें घर म्हणजे चालता तांडा होता. मीठ, धान्य आणि कापूस बैलांच्या पाठीवर लादून समुद्रकिनाऱ्यापासून वऱ्हाड-माळव्यापर्यंत नेणें-आणणें हा त्यांचा व्यवसाय. दक्षिणेंत फिरणाऱ्या प्रत्येक मोठ्या फौजेचें पोट त्यांच्या गोण्यांवर अवलंबून असे. १८०३ सालीं आर्थर वेलस्लीनें अडगांव व गाविलगड येथें लढाया मारल्या, त्या मोहिमेच्या पत्रव्यवहारांत दारूगोळ्याच्या जोडीनें बंजाऱ्यांच्या बैलांची चिंता वारंवार वाहिलेली आढळते.

लादणीच्या बैलाच्या दोन अंगांस समतोल लोंबेल अशीच वस्तु नेतां येते. गोणी नरम असते, ती पाठीच्या आकारास मिळून जाते. लांकडी संदूक बैलाची पाठ सोलून काढील, आणि रोज तळ हलविणाऱ्या कुटुंबास ती ओझेंच होईल. सबब या लोकांचें सर्व सामान कापडांत राहिलें. धान्य गोणींत, पैसा कंबरेच्या कसणींत, सुपारी-तंबाखू बटव्यांत, आणि मुलीचें आंदण कोथळींत. ज्या लोकांस लांकडावर कोरीव काम करण्यास उसंत नव्हती, त्यांनीं आपलें सारें कोरीव काम कापडावर केलें. घागरीखालची चुंबळहि कवड्यांनीं मढविली आणि तिच्या मागें मानेवर रुळणारी भरतकामाची पट्टी जोडिली. तांड्याच्या पूज्य बैलास, ज्याला हटाडिया म्हणत, तांबड्या रेशमाची झूल आणि घंटा घालून मिरवीत. ही हकीकत रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथांत नमूद आहे.

कापड हेंच पात्र, ही कल्पना मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागद ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, तेथें मोजणी पेट्यांची नसून रुमालांची असते. कागद कापडांत बांधावयाचे आणि त्या बांधणीसच रुमाल म्हणावयाचें. राजेरजवाड्यांचें पत्र किनखापी थैलींत घालून, तोंड बांधून, वर लाखेची मोहोर करून जात असे. त्यास खलिता म्हणत, आणि पुढें थैलीचें नांव पत्रासच चिकटलें. आतां कोणी असा खलिता कापून त्याचा किनखाप एखाद्या अत्तरदाणीच्या पेटीवर चिकटविला, तर आमच्या मंडळांतील प्रत्येक सभासद हळहळेल. कोथळीच्या बाबतींत मात्र तशी हळहळ कोणास वाटत नाहीं. याचें कारण एवढेंच कीं, खलित्यांत राजाचें पत्र होतें आणि कोथळींत एका अनाम स्त्रीच्या आंदणाची सुपारी होती.

येथेंच आमच्या मुख्य मुद्द्यास आरंभ होतो. बंजारा समाजाचा लेखी इतिहास जवळ जवळ सगळाच परक्यांनीं लिहिलेला आहे. वऱ्हाडच्या पोलिसखात्यांतील कंबरलेज या अधिकाऱ्याचा या जमातीवरील प्रबंध १८८२ सालीं छापला गेला, आणि पुढील ग्रंथकारांनीं तोच आधार धरिला. फौजांचे हिशेब, पोलिसांचे अहवाल, जमाबंदीचे तक्ते यांतून हे लोक दिसतात, परंतु ते दुसऱ्याच्या डोळ्यांनीं दिसतात. त्यांत १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें ज्या अनेक फिरत्या समाजांवर काळी छाया पाडली, त्यांत हाहि समाज सांपडला. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, आणि महाराष्ट्रांत बंजारा आज विमुक्त जातींत गणले जातात. शहाजहानच्या वजिरानें भंगी व झंगी या नायकांस ताम्रपट दिला अशी या समाजांत परंपरा आहे. तीहि आपणांस कंबरलेजच्याच लेखणींतून वाचावी लागते. तेव्हां या लोकांनीं स्वतः आपल्या हातानें मागें ठेविलेलें साधन कोणतें, असें विचारल्यास उत्तर एकच: तोंडी गीतें आणि भरतकाम. गीत गाणाराबरोबर जातें किंवा बदलतें. भरतकाम राहतें, पण तें अखंड राहिलें तरच बोलतें.

कापड बोलतें म्हणजे काय, हें उदाहरणांनीं दाखविणें इष्ट आहे. एरव्हीं हा केवळ भावनेचा उद्गार समजला जाईल. पहिली गोष्ट कापडाच्या सुताची. हातसुताचें जाडेंभरडें कापड आणि गिरणीचें सारख्या विणीचें कापड यांतील भेद उलट बाजूनें, भिंगाखालीं, सहज कळतो. दुसरी गोष्ट रंगाची. मध्यप्रांत-वऱ्हाडाकडील जुना तांबडा खारवा आलीच्या मुळ्यांनीं रंगवीत. १८६८ सालीं अलिझारीन हा मंजिष्ठेचा रंग रसायनशाळेंत सिद्ध झाला आणि थोड्याच वर्षांत त्यानें आलीचा धंदा बुडविला. आलींतील मुख्य रंगद्रव्य आणि अलिझारीन हीं भिन्न आहेत. त्यामुळें धाग्याचा एक कण तपासल्यास कापड या घडामोडीच्या अलीकडचें कीं पलीकडचें याचा पुष्कळसा उलगडा होतो. जांभळा व भडक गुलाबी दोरा दिसला, तर पर्किननें १८५६ सालीं काढलेल्या कृत्रिम रंगांच्या परंपरेंतील तो आहे कीं काय, हें त्याच रीतीनें पाहतां येतें. चकाकीचा मर्सराइझ्ड सुती दोरा १८९० नंतरच बाजारांत पसरला. तिसरी गोष्ट नाण्यांची. बंजारा स्त्रिया कापडावर नाणीं शिवीत. आणि नाण्यावरील सनाच्या पूर्वीं तें नाणें तेथें बसविलें गेलें असणें अशक्य, हा साधा न्याय आहे. चौथी गोष्ट कवड्यांची. मालदीव बेटांकडून येणारी कवडी एकोणिसाव्या शतकापर्यंत या देशाच्या कित्येक भागांत सुट्या नाण्यासारखी चालत असे. चलनांतून उठलेली कवडी अलंकारांत किती काळ टिकली, याचा माग अशा वस्तूंवरच काढावा लागतो.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती टांक्यांची. कर्नाटकांतील सोंडूरच्या लंबाणी भरतकामास २०१० सालीं भौगोलिक निर्देशाचें संरक्षण मिळालें, तेथें चौदा प्रकारचे टांके गणले जातात. किलण, वेले, मकी, तेरा दोरा, रेलो, नाकरा हीं त्यांतील कांहीं नांवें. ज्या समाजाच्या वाटा गुजराथ-राजस्थानापासून तेलंगण-कर्नाटकापर्यंत पसरल्या, त्याच्या टांक्यांत वाटेवरच्या देशांची खूण राहणें स्वाभाविक आहे. एका तांड्यांतील कोथळी आणि शंभर कोसांवरील दुसऱ्या तांड्यांतील कोथळी शेजारीं ठेवून टांका टांक्याशीं ताडला, तर कोणती शाखा कोणत्या मार्गानें आली याविषयीं एक स्वतंत्र पुरावा उभा राहूं शकेल. परंतु टांका ओळखावयाचा असतो उलट बाजूनें. सुलट बाजूस सारखे दिसणारे दोन टांके उलट बाजूस अगदीं निराळे निघतात. दोरा कोठें सुरू झाला, कोठें गांठ दिली, कोणत्या दिशेनें हात चालला, हें सारें मागेंच कळतें. आणि आमच्या समोरच्या पेटींत नेमकी तीच बाजू सरसानें कायमची बुजविली होती. शिलालेखाचा दगड घराच्या भिंतींत अक्षरें आंत करून बसवावा, असा हा प्रकार आहे.

आतां या मताविरुद्ध जे आक्षेप येऊं शकतात त्यांचा विचार करूं. आमच्या स्नेह्यांनींच ते पत्रोत्तरीं मांडिले, आणि ते हलके नाहींत.

पहिला आक्षेप असा कीं, ही जुनीं वस्त्रें तांड्यांतून चिंध्या होऊन पडलीं आहेत. पेटीवर चिकटविल्यानें निदान थोडा भाग तरी वांचतो. यांत सत्याचा अंश आहे. उंदीर, दमटपणा आणि ऊन यांनीं जितकीं वस्त्रें खाल्लीं तितकीं कातरीनें खाल्लीं नसतील. ज्याचा खरोखर तुकडाच उरला आहे, तो तुकडा चौकटींत बसविला तर त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु आमच्या समोरची कोथळी चिंधी नव्हती. तिच्या कातरलेल्या कडा ताज्या होत्या, आणि कापलेल्या ठिकाणीं कापड धड होतें. फाटलेलें वांचविणें आणि धड असलेलें फाडणें या दोन गोष्टी एका नांवाखालीं खपूं नयेत. शिवाय सरस हा कापडाचा मित्र नव्हे. तो कालांतरानें कडक होतो, दमटपणीं किडीस बोलावितो, आणि कापडास लांकडाबरोबर फुगण्या-आखडण्यास लावितो. सुटलेला कोपरा हें त्याचें प्रत्यक्ष प्रमाण होतें.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. तांड्यांतील स्त्रियांस पैशाची गरज आहे. जुनें वस्त्र विकून चार पैसे मिळत असतील, तर पोट भरलेल्या संशोधकानें त्यांस अडविण्याचा अधिकार काय? आम्ही हा आक्षेप मान्य करितों. वस्त्र ज्या घरचें आहे त्या घराचा त्यावर पूर्ण अधिकार आहे. आम्हांस एवढेंच विचारावयाचें आहे कीं, पैसा मिळतो तो कोणास? जुनी कोथळी फेरीवाल्यानें घरांतून उचलतांना दिलेली किंमत आणि पेटीवर चढल्यावर शहरांतील दुकानांत लागणारी किंमत यांतील अंतर भरतकाम करणारीच्या पदरांत पडत नाहीं. जिनें काढलें ती बहुधा हयात नसते, आणि तिच्या नातीकडे विकण्यासारखी दुसरी कोथळी नसते. हा व्यापार एकदां होतो आणि संपतो. नातीच्या हातांत कला असेल तर तिनें नवी पट्टी काढून विकणें हा व्यापार मात्र दरवर्षीं होऊं शकतो.

तिसरा आक्षेप असा कीं, लांकडी पेटी भरतकामानें मढविणें हेंच मुळांत आमच्या परंपरेस सोडून आहे, म्हणून आम्हांस तें आवडत नाहीं. हा आक्षेप आम्हांस लागू नाहीं. आपल्याकडे पेटीस सजवावयाचें तें सावंतवाडीप्रमाणें लाखेच्या रंगांनीं किंवा पितळेच्या पट्ट्यांनीं, हें खरें. परंतु परंपरेंत नाहीं म्हणून वाईट, असा न्याय आम्ही लावीत नाहीं. उलट कशिद्याची पेटी उत्तम रीतीनें कशी करावी, याचें उदाहरण परदेशांत आहे. सतराव्या शतकांत इंग्लंडांत सधन घरच्या मुली आपल्या शिक्षणाचा शेवट म्हणून अशी पेटी करीत. पांढऱ्या साटिनीवर प्रत्येक बाजूच्या मापाचा पट्टा आधीं आंखावयाचा, तो रेशमानें भरावयाचा, आणि सर्व पट्टे पुरे झाले म्हणजे ते कारागिराकडे पाठवून पेटीवर चढवावयाचे, सांधे रुपेरी गोटानें झांकावयाचे, असा क्रम असे. मार्था एडलिन नांवाच्या अकरा वर्षांच्या मुलीनें १६७१ सालीं पुरी केलेली पेटी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहे. मँचेस्टरच्या व्हिटवर्थ संग्रहांत हॅना स्मिथ हिची, १६५४ ते १६५६ या काळांतील, पेटी आहे; तिच्या आंत त्या मुलीनें स्वहस्तें चिठ्ठी लिहून आपण हें काम केव्हां व कोठें केलें तें नोंदवून ठेविलें. साडेतीनशें वर्षांनंतर त्या चिठ्ठीमुळें एका अल्पवयी मुलीचें नांव, गांव व साल निश्चित सांगतां येतें.

या पेट्या आणि आमच्या समोरची पेटी यांत भेद कोणता? तेथें भरतकाम पेटीसाठीं जन्मलें. येथें पेटीसाठीं भरतकामाचा वध झाला. तेथें प्रत्येक चित्र आपल्या चौकटींत पुरें आहे. येथें प्रत्येक आकृति अर्धी आहे. तेथें करणारीचें नांव राहिलें. येथें तें कातरीच्या पहिल्या घावाबरोबर गेलें, कारण कोथळी ज्या घरांत होती तेथें ती कोणाच्या लग्नांतली हें निदान एखाद्या वृद्धेस सांगतां आलें असतें. कलेच्या दृष्टीनेंहि तीच गोष्ट. कोथळीवरील नक्षी घडीच्या अनुरोधानें आंखलेली असते. कोथळी मिटली म्हणजे चार त्रिकोण मिळून एक चौकोन व्हावा आणि उघडली म्हणजे तो फुलासारखा उमलावा, अशी ती रचना. ती सपाट करून चिकटविली म्हणजे नक्षी उरते, पण रचना मरते. म्हणून आमच्या मतें ही पेटी सुंदर साहित्यापासून केलेली असुंदर वस्तु आहे.

तेव्हां करावें काय? आम्ही निषेधावर थांबूं इच्छीत नाहीं. तीन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. पहिली: अखंड जुनी वस्तु कोणीहि कापूं नये, आणि विकत घेणारानेंहि पेटीवर जुनें कापड दिसल्यास तें कोठून आलें हें विचारल्यावांचून घेऊं नये. गिऱ्हाईकानें विचारूं लागल्यावर दुकानदार आपोआप सावध होतो. दुसरी: पेटी करावयाचीच तर सुतारानें आधीं चौकटींचीं मापें तांड्यांत द्यावीं, आणि भरतकाम त्या मापानें नवें काढवून घ्यावें. तें सरसानें न चिकटवितां, पातळ फळीवर कापड ताणून, मागून दोऱ्यानें खेंचून, ती फळी चौकटींत सरकवावी. म्हणजे पुढें केव्हांहि कापड काढून उलट बाजू पाहतां येईल. झांकणाच्या आंत करणारीचें नांव, तांडा आणि साल लिहावें, आणि किंमतींतील तिचा वांटा आधीं ठरावा. सोंडूर येथें याच समाजाच्या स्त्रिया नवें काम करून विकतात. पुसद-दिग्रसकडील हात त्यांच्याहून कमी पडतील असें मानण्यास कारण नाहीं. तिसरी: ज्या घरांत जुनी कोथळी, काचळी, फेटिया किंवा चुंबळ आहे, त्या घरीं ती ठेवूनच तिची नोंद व्हावी. दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें, लांबी-रुंदी, टांक्यांचीं त्या घरांत चालत असलेलीं नांवें, कोणी कोणासाठीं काढलें याविषयीं घरांतील वृद्धांचें सांगणें, एवढें टिपून घ्यावें. पोहरादेवी येथें ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्घाटन झालें आहे. अशा संस्थेस दालनें भरण्याइतकीच या घरोघरच्या नोंदींची जरूर आहे, असें आम्हांस वाटतें.

येथें आमच्या स्वतःच्या पक्षाचाहि दोष कबूल केला पाहिजे. कागद, शिक्के, ताम्रपट आणि किल्ले यांच्या मागें आम्ही संशोधकांनीं जितकी पायपीट केली, तिच्या शतांशानेंहि तांड्यांत जाऊन वस्त्रें पाहिलीं नाहींत. कमला डोंगरकेरी यांनीं भारतीय भरतकामावर १९५१ सालीं पुस्तक लिहिलें, आणि बंजारा वस्त्रांवरच वाहिलेला मोठा इंग्रजी ग्रंथ २०१६ सालीं परदेशीय लेखकांच्या हातून झाला. ज्या वस्तूकडे इतिहासकार साधन म्हणून पाहत नाहीं, तिच्याकडे व्यापारी कच्चा माल म्हणून पाहिल्यास सगळा दोष व्यापाऱ्याच्या माथीं मारतां येत नाहीं.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं कळविलें तें असें: पेटी नवी आहे, कापड जुनें आहे, आणि दोहोंचें मिळून जें झालें आहे तें संग्रहांत ठेवावें, परंतु शोभेची वस्तु म्हणून नव्हे. शेजारीं एक अखंड कोथळी ठेवावी, आणि कोथळीची पेटी होतांना काय काय गेलें तें पाहणारास दाखवावें. आपण कंटाळून पेटी परत मागवाल, असें आम्हांस वाटलें होतें. त्यांनीं परत मागविली खरी. पण पुढील पत्रांत लिहिलें कीं, त्यांच्या शेतावर कामास येणाऱ्या एका वृद्ध बंजारा बाईस ती दाखवितांच तिनें पेटी हातांत घेऊन झांकणावरच्या तुटक्या चौकोनावरून बोट फिरविलें आणि कापलेल्या जागेपाशीं बोट थांबवून बाकीचें कोठें आहे असें विचारिलें. त्यांस उत्तर देतां आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती बाई आपल्या घरची कोथळी घेऊन आली. ती अखंड आहे, आणि तिच्यांत अजून सुपारी ठेवितात. आमच्या स्नेह्यांनीं तिची दोन्ही बाजूंनीं नोंद करून ती तिच्याकडे परत दिली. ही नोंद आमच्याकडे आली आहे.

वऱ्हाडांतील, मराठवाड्यांतील व खानदेशांतील ज्या वाचकांस अशा वस्तु पाहण्याचा योग येईल, त्यांनीं वस्तु न मागतां तिची वरीलप्रमाणें नोंद करून मंडळाकडे पाठवावी, अशी विनंति आहे. नोंद करितांना घरच्या बाईचें नांव तिच्या संमतीनेंच लिहावें, आणि कापड उलटून पाहण्यास विसरूं नये.